साउथ फोर्क धरण

साउथ फोर्क धरण : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी पेनसिल्व्हेनिया राज्यातील एक ऐतिहासिक मातीचे धरण. लिटल कॉनेमॉ नदीच्या साउथ फोर्क या उपप्रवाहावर, जॉन्सटाउन या पोलादाच्या गावाच्या वर सु. २३ किमी. अंतरावर ते बांधलेले होते. लांबी सु. २८४ मी., उंची सु. २२ मी., माथ्याची रुंदी सु. ६ मी. व तळाची सु. ८२ मी. कालव्यास उन्हाळ्यात पाणी पुरविण्यासाठी राज्य शासनाने उभारलेले हे धरण पुढे पिट्सबर्ग येथील धनिकांच्या एका मासेमारी व शिकार क्लबच्या मालकीचे झाले, आणि ३१ मे १८८९ रोजी ते फुटून २,२०९ माणसे मृत्युमुखी पडली. उंचीच्या दृष्टीने हे धरण अगदीच लहान म्हणता येणार नाही. परंतु त्याचा जलसाठा १ कोटी ४५ लक्ष घ. मी. एवढाच, म्हणजे पुण्याजवळच्या पानशेत जलाशयाच्या साठ्याच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याइतका होता. इतक्या माफक साठ्याने इतका मोठा संहार व्हावा, ही गोष्ट धरणांच्या सुरक्षिततेचा विचार करणाऱ्यांना आजही विचारात टाकते.

कालव्याचे धरण : न्यूयॉर्क राज्याने १८२५ साली ईरी कालवा खुला केल्यावर पश्चिमेकडील व्यापार आपल्या हातून जाईल, या धास्तीने पेनसिल्व्हेनियाने फिलाडेल्फिया ते पिट्सबर्ग असा कालवे व लोहमार्ग यांचा जोडमार्ग उभारला. अ‍ॅलेगेनी पर्वत ओलांडण्यासाठी उतारांवरून नौकाच दोरांनी ओढून नेल्या जात. पर्वताच्या पश्चिमेस जॉन्सटाउनपासून पुन्हा कालवा सुरू होई आणि उन्हाळ्यात तो कोरडा पडू लागे. यावर उपाय म्हणून डोंगरात एक जलाशय करण्याचे १८३८ च्या सुमारास ठरले. विल्यम मॉरिस या अभियंत्याने आराखडा केला. मात्र राज्याची तिजोरी रिकामी झाल्याने काम मध्यंतरी अनेक वर्षे बंद राहिले व १८५३ साली ते पूर्ण झाले. तोवर पेनसिल्व्हेनिया रेल्वे कंपनीची गाडी पिट्सबर्गला पोहोचलीही होती. ज्या कालव्यासाठी धरण बांधले, तो कालवाच निरुपयोगी ठरत होता. १८५७ साली राज्याने हा सगळा जोडमार्ग त्याच रेल्वे कंपनीला ७५ लक्ष डॉलरना विकला आणि धरणही त्यासोबत गेले.

धरणाची मूळ बांधणी मात्र चांगली होती, हे नमूद करणे अवश्य आहे. कारण दुर्घटनेनंतर पुष्कळांनी सारा दोष मातीच्या बांधकामावर ढकलला. माती थरांनी पसरून, प्रत्येक थरावर पाणी घालून तो घट्ट बसविलेला होता. जलाशयाकडील उतारावर दगडांचे अस्तर, तर खालच्या बाजूस मोठमोठ्या शिळांचा थर होता. पूर्वेकडील टोकाशी खडक कापून सु. २२ मी. रुंदीचा सांडवा काढलेला होता. तळाशी एका दगडी मोरीतून प्रत्येकी सु. ६० सेंमी. व्यासाचे पाच बिडाचे नळ काढले होते व त्यांच्या झडपा जलाशयातील एका लाकडी मनोऱ्यावरून हलविता येत.

मातीच्या धरणाचा स्वभाव समजल्याखेरीज पुढील हकीकतीचा अर्थ नीट लागत नाही. नीट दाबलेल्या मातीचा भराव शेकडो वर्षे पाणी अडवू शकतो. मात्र त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक, माथ्यावरून पाणी वाहणे. काँक्रीटच्या किंवा दगडी धरणावरून काही काळ पाणी गेले, तरी ते बहुधा तगते; मातीच्या धरणाची मात्र खालची बाजू धुपून थोड्या तासांत खिंडार पडते. दुसरी गोष्ट म्हणजे आतून मातीचे कण वाहून नेणारा पाझर. पहिल्या संकटावर सांडवा व माथ्याची राखीव उंची हा उपाय. दुसऱ्यावर तळाचे नळ, कारण पाझर दिसला तर जलाशय उतरवून दुरुस्ती करता आली पाहिजे. मॉरिसच्या आराखड्यात या दोन्ही सोयी होत्या. शिवाय कालव्याच्या जलाशयाची पातळी खालीवर होणे हे त्याचे नित्याचे कामच होते. तो भरे, रिता होई, आणि रित्या जागेत एखादा अवेळी आलेला पूर सामावला जाई.

हेळसांड : रेल्वे कंपनीला धरणाचे काहीच काम नव्हते. जुलै १८६२ मध्ये तळाच्या मोरीपाशी भराव खचून धरणास खिंडार पडले. त्या वेळी जलाशय पूर्ण भरलेला नसल्याने खाली विशेष हानी झाली नाही. आणि हीच गोष्ट पुढे घातक ठरली असावी, कारण धरण फुटले तरी फारसे बिघडत नाही, असा समज खोऱ्यात रुजला. नंतर सतरा वर्षे जलाशयाचा तळ गुरांचे कुरण म्हणून वापरात होता. १८७५ साली जॉन रायली या अल्टूना येथील राजकीय पुढाऱ्याने ही मालमत्ता विकत घेतली व तळातील बिडाचे नळ काढून ते मोडीत विकले, असे सांगितले जाते. धरण रिकामे असताना ही कृती निरुपद्रवी वाटली असेल. १८७९ साली बेंजामिन रफ याने ते विकत घेतले. रेल्वेच्या बोगद्यांची कंत्राटे घेणारा हा गृहस्थ साउथ फोर्क मासेमारी व शिकार क्लबचा प्रवर्तक होता. खिंडार बुजविण्याचे काम त्याच्याच देखरेखीखाली झाले. त्यासाठी धरणाच्या कामातील जाणकार अभियंता नेमला गेला नाही. मोरीचे तोंड लाकडी फळ्यांनी बंद करून खिंडारात दगड, चिखल, झाडांच्या फांद्या, गवत अशा हाताशी येईल त्या वस्तू टाकण्यात आल्या. थर बसवून भराव दाबण्याची मूळची पद्धत येथे पाळलेली दिसत नाही. पहिली डागडुजी १८७९ अखेरच्या पुरात वाहून गेली, तेव्हा काम पुन्हा हाती घेतले गेले. १८८१ पासून जलाशय भरलेला राहू लागला. तळाचे नळ पुन्हा बसविण्यात आले नाहीत.

विहाराचा तलाव : क्लबचे सभासद साठांच्या आसपास होते. त्यांत पोलाद उद्योगाचे अँड्रू कार्नेगी, कोळसा व कोक यांच्या व्यापारातील हेन्री क्ले फ्रिक, सावकारी पेढीचे अँड्रू मेलन, विधिज्ञ फिलँडर नॉक्स व रेल्वे कंपनीच्या पिट्सबर्ग विभागाचे रॉबर्ट पिटकेर्न यांचा समावेश होता. पिट्सबर्गच्या धुरातून गाडीने काही तासांत या डोंगरातील थंड हवेत येता येई. तलावास ‘कॉनेमॉ सरोवर’ असे नाव मिळाले. सु. ३·२ किमी. लांबीच्या या पाण्याच्या काठी सत्तेचाळीस खोल्यांचे क्लबगृह आणि सोळा खाजगी बंगले उभे राहिले. शिडाच्या होड्या व वाफेवर चालणाऱ्या दोन छोट्या नौका पाण्यात आल्या. ईरी सरोवरातून ‘ब्लॅक बास’ जातीचे मासे आणून सोडण्यात आले. जॉन्सटाउनच्या गिरणीत बारा-बारा तास राबणाऱ्या वेल्श व जर्मन कामगारांना हे सरोवर सहसा पाहावयासही मिळत नसे. ते त्यांच्या डोक्यावर मात्र होते, आणि अक्षरशः होते. कारण तलावाची पातळी गावापेक्षा सु. १३७ मी. उंच होती.

तलावाचा उपयोग बदलला, तसे धरणातही बदल होत गेले, आणि त्यांतील प्रत्येक बदल सोयीचा म्हणूनच केलेला होता. गाड्या व बग्ग्या क्लबगृहाकडे सहज जाव्यात, यासाठी माथा रुंद करावा लागला आणि त्याकरिता तो कापून सु. ०·६ ते ०·९ मी. खाली आणण्यात आला. सांडव्यावरून जाणारा पूल खांबांवर बांधला गेला. विकत आणलेले मासे पुरासोबत निसटू नयेत म्हणून त्या खांबांमध्ये लोखंडी जाळ्या बसविल्या गेल्या. अशा जाळ्यांत पुरासोबत वाहत येणाऱ्या फांद्या व ओंडके अडकणार, हे उघड होते. जुन्या खिंडाराच्या जागी नवा भराव दबत गेल्याने माथा मधोमध किंचित खचलेला होता, म्हणजे जेथे तो सर्वांत उंच असावयास हवा, तेथेच सर्वांत सखल होता. या सगळ्यांत कोणाचा दुष्ट हेतू होता, असे मानण्यास आधार नाही. नौकाविहारास पातळी स्थिर लागते. माशांना पाणी खोल लागते. काठावरच्या बंगल्यांना चिखलाचा किनारा नको असतो. विहाराचा तलाव म्हणजे बारमाही भरलेला तलाव, आणि मातीचे धरण बारमाही भरलेले ठेवावयाचे, तर त्याचा सांडवा मूळच्यापेक्षा मोठा व मोकळा असला पाहिजे. येथे तो लहान व जाळीबंद झाला होता.

इशारा : धोका कोणाच्याच लक्षात आला नव्हता, असे म्हणता येत नाही. जॉन्सटाउनच्या कँब्रिया लोखंड कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी नोव्हेंबर १८८० मध्ये आपले तज्ज्ञ जॉन फुल्टन यांस धरण पाहण्यास पाठविले. फुल्टन यांनी अहवालात दोन मोठे दोष दाखविले : पाणी उतरविण्यासाठी तळाशी नळच नाहीत, त्यामुळे दुरुस्ती अशक्य झाली आहे, आणि खिंडाराची दुरुस्ती कच्ची असून तेथून पाणी झिरपत आहे. अहवालात हे जितके नेमके सांगितले गेले, तितके नंतरच्या कित्येक जाडजूड ग्रंथांतही सांगितलेले आढळत नाही. रफ याने उत्तरादाखल फुल्टन यांच्या काही किरकोळ चुका दाखवून खालच्या लोकांना आपल्या उद्योगापासून मुळीच धोका नाही, असे लिहून कळविले. मॉरेल यांनी पुन्हा पत्र लिहून खर्चाचा काही भाग सोसण्याची तयारी दाखविली. ती स्वीकारली गेली नाही. पुढे मॉरेल स्वतः क्लबचे सभासद झाले. आतून लक्ष ठेवता यावे, हा त्यामागील हेतू असावा. ते १८८५ साली व रफ १८८७ साली निवर्तले, आणि पत्रव्यवहार फायलीत राहिला. पेनसिल्व्हेनियात त्या काळी खाजगी धरणाची तपासणी करण्याचा अधिकार कोणत्याही शासकीय खात्यास नव्हता.

गावाची बाजूही पाहिली पाहिजे. स्टोनी क्रीक व लिटल कॉनेमॉ या नद्यांच्या संगमावर वसलेल्या जॉन्सटाउनने नदीच्या पात्रात कारखान्याची मळी टाकून व काठावर इमारती उभारून पात्र अरुंद केले होते. दर वसंतात घरांत पाणी शिरे, आणि दर वेळी धरण फुटल्याची आवई उठे. वारंवार खोटी ठरलेली आवई ऐकून लोक तिच्यावर विनोद करू लागले होते.

३१ मे १८८९ : ३० मेच्या रात्री सुरू झालेल्या पावसाने चोवीस तासांत १५ ते २५ सेंमी. पाणी पडले. ३१ तारखेच्या सकाळी जॉन्सटाउनचे रस्ते आधीच पाण्याखाली होते. वर तलावाकाठी राहणारे क्लबचे अध्यक्ष एलायस अंगर यांना पाणी माथ्याला टेकू लागलेले दिसले. सांडपाण्याच्या नळांच्या कामावर आलेल्या मजुरांना घेऊन त्यांनी माथ्यावर मातीचा बांध घालण्याचा व पश्चिम टोकाशी नवा चर खणण्याचा प्रयत्न केला. पण तेथील जमीन कठीण होती. सांडव्यातील जाळ्या काढून टाकाव्यात अशी सूचना झाली असता मासे जातील म्हणून ती प्रथम टाळली गेली व नंतर त्या गाळ-काटक्यांनी इतक्या गच्च झाल्या की निघेनात, असे सांगितले जाते. तेथे असलेल्या जॉन पार्क या तरुण अभियंत्याने घोड्यावरून साउथ फोर्क गावात जाऊन तारेने इशारा देण्यास सांगितले. धरण टोकाशी, जेथे भराव कमी उंचीचा आहे तेथे, मुद्दाम फोडून पाणी सावकाश सोडावे, हा विचारही त्याच्या मनात आला होता. परंतु मग धरण फुटण्याची जबाबदारी त्याच्यावर आली असती आणि ते फोडले नसते तर टिकले असते की काय, हे कधीच सिद्ध करता आले नसते. अशा जागी उभ्या असलेल्या माणसावर किती भार येतो, याची कल्पना पुढे न्यायनिवाडा करणाऱ्यांना क्वचितच असते.

दुपारच्या आधीच मधल्या सखल भागावरून पाणी वाहू लागले. खालची बाजू पायऱ्यापायऱ्यांनी ढासळत गेली, आणि तीनच्या सुमारास मधला सगळा भराव एकदम सरकला. तारेचे संदेश निघाले होते, परंतु ओळी ठिकठिकाणी तुटलेल्या होत्या; जे संदेश पोहोचले ते गावात पसरले नाहीत. पाण्याने प्रथम साउथ फोर्क गाव धुतले. पुढे रेल्वेच्या दगडी कमानपुलाशी ओंडक्यांचा तट होऊन लोट काही मिनिटे अडला व पूल कोसळताच पुन्हा नव्या जोराने निघाला. ईस्ट कॉनेमॉ येथे जॉन हेस या इंजिनचालकाने शिटी सतत वाजत ठेवून इंजिन पुराच्या पुढे पळविले. खालच्या पुष्कळांना मिळालेला खराखुरा इशारा तेवढाच. वुडव्हेल येथील कारखान्यातून काटेरी तारांची भेंडोळी पाण्यासोबत निघाली. चार वाजून गेल्यावर सु. ११ ते १२ मी. उंचीचा, पाण्यापेक्षा घरे, झाडे, डबे व तारा यांनीच भरलेला लोट जॉन्सटाउनवर आला. गावाच्या पायथ्याशी असलेल्या रेल्वेच्या दगडी पुलाशी सु. १२ हेक्टर क्षेत्रावर हा ढिगारा साचला आणि संध्याकाळी त्याला आग लागली. पुरातून जिवंत वाहत आलेली माणसे तेथे तारांत अडकून जळून मेली.

मृतांच्या अधिकृत यादीत २,२०९ नावे होती. ९९ कुटुंबे समूळ नष्ट झाली. ३९६ मुले दगावली. सातशेहून अधिक प्रेतांची ओळख पटली नाही व ती ग्रँडव्ह्यू दफनभूमीत अनामिक शिळांखाली पुरण्यात आली. मालमत्तेची हानी १ कोटी ७० लक्ष डॉलरची होती. क्लॅरा बार्टन या अमेरिकन रेड क्रॉसचे पथक घेऊन ५ जून रोजी तेथे पोहोचल्या व पाच महिने राहिल्या. शांतताकाळातील आपत्तीत त्या संस्थेने केलेले हे पहिले मोठे काम होय. देशातून व परदेशांतून सु. ३७ लक्ष डॉलर मदत जमली. कार्नेगी यांनी जॉन्सटाउनचे ग्रंथालय पुन्हा बांधून दिले.

दायित्व : क्लबवर दावे झाले, परंतु एकाही दावेदाराला भरपाई मिळाली नाही. क्लबची स्वतःची मालमत्ता नाममात्र होती. सभासदांना व्यक्तिशः दोषी ठरवावयाचे, तर त्यांचा निष्काळजीपणा सिद्ध करणे भाग होते, आणि इतका पाऊस ही दैवी आपत्ती होय, हा बचाव त्या काळी चालून जाई. इंग्लंडमध्ये १८६८ साली ‘रायलँड्‌झ विरुद्ध फ्लेचर’ या खटल्यात, योगायोगाने एका गिरणीच्या जलाशयावरूनच, असा निर्णय झाला होता की, धोकादायक वस्तू आपल्या जमिनीवर साठविणाऱ्याने ती निसटून झालेल्या हानीची भरपाई दोष सिद्ध होवो वा न होवो द्यावी. अमेरिकेतील न्यायालये या तत्त्वाला प्रतिकूल होती. १८९० नंतर अनेक राज्यांत ती त्याकडे झुकू लागली, आणि कायद्याच्या इतिहासाचे काही अभ्यासक या बदलाचा संबंध जॉन्सटाउनच्या घटनेशी जोडतात. मृतांच्या वारसांना त्याचा उपयोग झाला नाही.

याहून विचार करण्यासारखी गोष्ट अभियंत्यांच्या चौकशीची आहे. अमेरिकन स्थापत्य अभियंता संस्थेने जेम्स फ्रान्सिस, विल्यम वर्दन, मॅक्स बेकर व अल्फान्स टेली या चौघा नामांकितांची समिती नेमली. बेकर यांचा रेल्वे उद्योगाशी निकटचा संबंध होता, तर क्लबच्या सभासदांत रेल्वे व पोलाद या दोन्ही उद्योगांतील बडी मंडळी होती. समितीचा अहवाल १८९० च्या आरंभी तयार असूनही तो १८९१ पर्यंत प्रसिद्ध झाला नाही. माथा खाली आणला गेला, नळ काढले गेले, सांडवा अडविला गेला, हे सर्व समितीने मान्य केले. तरीही धरण मूळ स्थितीत असते, तरी इतक्या पुरात ते थोड्या उशिरा का होईना फुटलेच असते, असा निष्कर्ष काढला. सव्वाशे वर्षे तो बहुतेक पुस्तकांतून उद्‌धृत होत राहिला. २०१६ साली नील कोलमन व त्यांचे सहकारी यांनी हवाई लेसर मोजणीवरून तलावाचे घनफळ नव्याने काढून हे गणित तपासले. त्यांच्या मते मूळ धरणाची पाणी सोडण्याची क्षमता दुरुस्त केलेल्या धरणाच्या दुपटीहून अधिक होती, माथा सु. ०·९ मी. उंच, पश्चिमेकडील पूरक सांडवा व पाचही नळ कायम असते, तर माथ्यावरून पाणी गेले नसते आणि धरण बहुधा वाचले असते. तलाव रिता होण्यास रूढ समजुतीप्रमाणे ४५ मिनिटे नव्हेत, तर ६५ मिनिटांहून अधिक वेळ लागला, असेही त्यांनी दाखविले. खिंडारातून येणारा विसर्ग सेकंदास ७,२०० ते ८,९७० घ. मी. असावा. हा निष्कर्ष ग्राह्य मानला तर फुल्टन यांनी १८८० साली जे दोन दोष दाखविले होते, त्यांतील नळांचा दोष या गणितात थेट येतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुण्याला १२ जुलै १९६१ रोजी आलेला अनुभव याहून वेगळ्या परिस्थितीतला असला, तरी तेथेही पानशेतच्या मातीच्या धरणात अपुऱ्या राहिलेल्या तळमोरीच्या वर भराव खचला व त्या सखल झालेल्या माथ्यावरून पाणी गेले, हे साम्य मराठी वाचकाच्या ध्यानात येईल. तळमोरी हे मातीच्या धरणाचे मर्मस्थान होय, हे दोन्हीकडे दिसते.

नंतरची धरणे : पेनसिल्व्हेनियाने धरणांसाठी परवान्याची सक्ती करणारा कायदा १९१३ साली केला, त्याला निमित्त मात्र १९११ साली ऑस्टिन येथे फुटलेल्या काँक्रीटच्या धरणाचे झाले. जॉन्सटाउनचे दैव त्यानंतरही फिरले नाही. १९–२० जुलै १९७७ च्या रात्री झालेल्या अतिवृष्टीत लॉरेल रन हे पाणीपुरवठ्याचे मातीचे धरण माथ्यावरून पाणी जाऊन फुटले व सु. ४० माणसे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी जॉर्जिया राज्यात टकोआ फॉल्स येथील केली बार्न्स धरण मध्यरात्रीनंतर फुटले आणि एका धार्मिक महाविद्यालयाच्या आवारातील ३९ जण बुडाले. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. हे खरोखरच लहान धरण होते : उंची सु. १२ मी., साठा आठ लक्ष घ. मी.हूनही कमी. १८९९ साली लाकूड व दगड यांचा बांध, पुढे त्यावर मातीचा भराव व वीजनिर्मिती, १९५७ साली वीजनिर्मिती बंद, आणि त्यानंतर वीस वर्षे केवळ विहाराचा तलाव, असा त्याचा क्रम साउथ फोर्कच्या क्रमाची आठवण करून देतो. खालच्या बाजूचा उतार अतिशय उभा होता व त्यावर झाडे वाढलेली होती. काठावरच्या झाडांची सावली विहारास येणाऱ्यांना आवडते. पण मेलेल्या झाडाची मुळे कुजून भरावात पाण्याला वाटा होतात. उपयोग बंद पडलेल्या धरणावर नियमित देखरेख करणारा कोणी उरत नाही आणि पाणी मात्र तसेच साठलेले राहते, हा अशा धरणांचा खरा धोका आहे.

१९७२ साली वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक येथे कोळशाच्या गाळाचे बांध फुटून १२५ माणसे मेल्यावर अमेरिकेत राष्ट्रीय धरण तपासणी कायदा झाला होता. पण त्यासाठी पैसा दिला गेला नव्हता. टकोआ फॉल्सनंतर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी तपासणी सुरू करविली. लष्करी अभियंता दलाने १९८१ पर्यंत खालच्या वस्तीला धोका असलेली सु. ८,८०० बिगर-संघीय धरणे तपासली, त्यांतील सु. एक-तृतीयांश असुरक्षित ठरली व बहुतेकांचे कारण अपुरा सांडवा हेच होते. पेनसिल्व्हेनियाने १९७८ साली धरण सुरक्षितता कायदा नव्याने केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय धरणसूचीत आज नव्वद हजारांहून अधिक धरणे असून त्यांच्या प्रमुख उपयोगांत मनोरंजनाचा क्रमांक वरचा आहे. यांतील असंख्य धरणे मातीची, जुनी व खाजगी मालकीची आहेत. त्यांचा मूळ उपयोग सरल्यावर मासेमारी, पोहणे व नौकाविहार यांसाठी ती राखली गेली. अशा धरणाचा सांडवा साफ ठेवणे, भरावावरील झाडे-झुडपे काढणे, पाझराचे पाणी गढूळ येते काय हे पाहणे व तळाची झडप वर्षातून एकदा फिरवून बघणे ही कामे खर्चिक नाहीत. पण ती करणारा ठरलेला माणूस लागतो, आणि विहारासाठी जमलेल्या मंडळीत तो बहुधा नसतो.

साउथ फोर्क क्लब धरणाबरोबरच संपला. त्याची मालमत्ता १९०४ साली लिलावात गेली, आणि तलावाच्या तळाशेजारी पुढे सेंट मायकेल ही कोळसा खाणीची वसाहत उठली. १९६४ साली केंद्रीय कायद्याने तेथे राष्ट्रीय स्मारक स्थापन झाले. क्लबगृह व काही बंगले अजून उभे आहेत. धरणाची दोन्ही टोके गवताने झाकलेली, पण ओळखू येतील अशी शिल्लक आहेत. सांडव्याचा कापलेला खडकही दिसतो. मधल्या खिंडारातून साउथ फोर्कचा ओढा व त्याच्या शेजारून लोहमार्ग जातो.